घरातला संगणक आणि कार्यप्रणालीची निवड : महाराष्ट्रातील चार दशके

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात ती, यंत्र सुरू होताच स्मृतीत दाखल होते आणि यंत्र बंद होईपर्यंत कामावर असते. दाबलेली कळ कोणत्या आज्ञावलीपर्यंत पोहोचवायची, फाइल तबकडीवर कोठे ठेवायची आणि पडद्यावर काय उमटवायचे, हे ती ठरवते; पत्रलेखनाची असो वा हिशेबाची, प्रत्येक आज्ञावली तिच्याच आधाराने चालते. घरासाठी कोणती कार्यप्रणाली घ्यावी हा प्रश्न आज किंमत, सुरक्षितता, सोय आणि आवड यांच्या आधारे सोडवला जातो, आणि तो सोडवण्याचा अधिकार कुटुंबाचा आहे असे गृहीत धरले जाते. महाराष्ट्रातील घरगुती संगणकाचा इतिहास मात्र असे दाखवतो की हा अधिकार कुटुंबाला फार उशिरा मिळाला. प्रथम यंत्राच्या कारखानदाराने, मग दुकानदाराने, त्यानंतर संगणक-वर्गाच्या अभ्यासक्रमाने ही निवड परस्पर केली. आणि या साऱ्यांच्या मुळाशी देवनागरी अक्षर संगणकाच्या कोणत्या थरात वसले आहे, हा एक तांत्रिक प्रश्न होता. मराठी लिहिण्यावाचण्याची सोय यंत्रात जडवलेल्या कार्डात आहे, विकत घेतलेल्या फाँटात आहे, की सर्व प्रणालींना समान असलेल्या प्रमाण संकेतात आहे, यावर मराठी घराचे निवडस्वातंत्र्य अवलंबून राहिले.

घरगुती संगणकाच्या पहिल्या पिढीत निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटन-अमेरिकेत घरोघरी गेलेल्या लहान यंत्रांत बेसिक ही भाषा आणि यंत्र चालवण्यापुरत्या आज्ञा कारखान्यातच कायमच्या कोरलेल्या असत; यंत्र घेतले की प्रणाली त्याबरोबर आलीच. अशा यंत्रांपैकी सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रमची परवानाधारक आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ मध्ये भारतात आणली आणि काही सुस्थित घरांतील मुलांची संगणकाशी पहिली ओळख तिच्यामुळे झाली. कार्यप्रणाली यंत्रापासून वेगळी, स्वतंत्रपणे विकत घेण्याजोगी वस्तू आहे ही कल्पना रुजवण्याचे काम गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात तयार केलेल्या सीपी/एम या प्रणालीने केले, कारण ती अनेक कारखानदारांच्या यंत्रांवर चालत असे.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, तेव्हा ग्राहकापुढे तीन कार्यप्रणालींचा पर्याय ठेवण्यात आला होता : मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस, सीपी/एमची नवी आवृत्ती आणि कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित झालेली पी-सिस्टीम. डॉसची किंमत सुमारे ४० डॉलर होती, तर काही महिन्यांनी उपलब्ध झालेल्या सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. गुणदोषांची चर्चा होण्यापूर्वीच या फरकाने निकाल लावला. त्याहून दूरगामी ठरला तो मायक्रोसॉफ्टने राखून ठेवलेला एक हक्क : हीच प्रणाली आयबीएमखेरीज इतर कारखानदारांनाही विकण्याचा. त्यामुळे आयबीएमशी सुसंगत यंत्रे जगभर तयार होऊ लागली, तसतशी डॉसही त्यांच्याबरोबर पसरली. नोव्हेंबर १९८४ मधील भारत सरकारच्या नव्या संगणक धोरणाने आयातीवरील निर्बंध सैल केल्यानंतर मुंबई-पुण्यातील कार्यालयांत, आणि तेथून हळूहळू व्यावसायिकांच्या घरांत जे संगणक आले, ते याच जातीचे होते. ग्राहक यंत्र निवडत असे आणि डॉस त्याच्या पदरी आपोआप पडत असे.

डॉसच्या पडद्यावर मराठीला जागा नव्हती. तो पडदा ८० स्तंभ आणि २५ ओळींच्या ठरावीक चौकटींत विभागलेला होता, प्रत्येक चौकटीत एकच चिन्ह बसत असे आणि उपलब्ध चिन्हे २५६ होती. रोमन लिपीला हे पुरेसे होते. देवनागरीत मात्र मात्रा अक्षराच्या वर, उकार खाली आणि पहिली वेलांटी आधी येते, दोन-तीन व्यंजने मिळून नवे जोडाक्षर घडते, आणि ‘कि’ लिहिताना जो स्वर नंतर उच्चारला जातो त्याचे चिन्ह व्यंजनाच्या डावीकडे बसते. या अडचणीवर भारतीय तंत्रज्ञांनी शोधलेले उत्तर या इतिहासातील अत्यंत महत्त्वाचे पाऊल मानावे लागेल. कानपूरच्या आयआयटीमध्ये सुरू झालेले आणि मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली पुढे पुण्यातील सी-डॅक या संस्थेत वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान एका कार्डाच्या रूपाने संगणकाच्या मुख्य फळीवरील खाचेत बसवले जाई. हे कार्ड आज्ञावली आणि पडदा यांच्या मध्ये उभे राहून संकेतांची अक्षरे जुळवत असे, त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या आज्ञावल्यांतही देवनागरी मजकूर भरता येई.

जिस्टबरोबर दोन मानके पुढे आली. त्यांपैकी इन्स्क्रिप्ट हा कळफलक भारतीय लिपींच्या समान वर्णक्रमावर आधारलेला होता, तर इस्की या संकेतप्रणालीला १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्यता मिळाली. इस्कीचे तत्त्व साधे आणि सखोल होते : संगणकाने अक्षराचा आकार साठवू नये, वर्ण साठवावा, आकार कसा जुळवायचा हे दाखवणाऱ्या यंत्रणेवर सोडावे. ‘क्ष’ साठवताना क, हलन्त आणि ष असे तीन संकेत साठवले जात आणि पडद्यावर मात्र एकच जोडाक्षर दिसे. शोध, अकारविल्हे मांडणी आणि एका लिपीतून दुसऱ्या लिपीत रूपांतर ही कामे या तत्त्वामुळेच शक्य झाली. तथापि कार्डासाठी वेगळा खर्च करावा लागत असल्याने त्याचा प्रसार प्रामुख्याने शासकीय कार्यालये आणि संस्था यांच्यापुरता राहिला. सामान्य घरातला संगणक इंग्रजीच राहिला.

१९९० च्या दशकात विंडोज आली आणि अक्षराचे स्थान बदलले. पडदा आता ठरावीक चौकटींचा राहिला नाही. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून ट्रूटाइप फाँट वापरता येऊ लागले, म्हणजे कोणत्याही आकाराचे वळणदार अक्षर कार्डाशिवाय पडद्यावर आणि कागदावर सारखेच उमटू लागले. या संधीचा लाभ घेऊन पुण्यातील मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी, बंगळूरची आकृती आणि सी-डॅकची आयएसएम ही सॉफ्टवेअर बाजारात आली. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शालेय प्रश्नपत्रिका आणि पुस्तके यांची जुळणी घरातल्या एका खोलीत होऊ लागली, आणि डीटीपी, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणी, हा अनेक मराठी कुटुंबांचा जोडधंदा किंवा मुख्य धंदाही झाला. मराठी मुद्रणाला या फाँटांनी जे सौंदर्य आणि जी गती दिली तिचे मोल मोठे आहे.

त्याची किंमतही मोठी होती. या फाँटांमध्ये देवनागरीचे तुकडे, म्हणजे काना, मात्रा, अर्धी व्यंजने आणि काही तयार जोडाक्षरे, रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर बसवलेले असत. पडद्यावर ‘महाराष्ट्र’ दिसत असताना फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची अर्थहीन मालिका साठवली जाई. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असल्यामुळे एकाने पाठवलेली फाइल दुसऱ्याकडे तोच फाँट नसेल तर वाचता येत नसे. कार्यप्रणालीच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच, त्यामुळे त्यात शब्द शोधणे किंवा यादी अकारविल्हे लावणे अशक्य असे. इस्कीने मांडलेले तत्त्व येथे मागे पडले आणि आकार साठवण्याची पद्धत रूढ झाली. शिवाय कळ आणि तुकडा यांची सांगड घालणारी सॉफ्टवेअर विंडोजसाठीच लिहिलेली असल्याने, ज्या घराचे दहा वर्षांचे काम अशा फाँटांत साठलेले होते त्याला दुसरी प्रणाली घेणे म्हणजे ते काम गमावण्यासारखे होते. विंडोजवरील या अवलंबनाची नोंद संगणकाच्या सामान्य इतिहासांत क्वचितच आढळते, पण मराठी घरांच्या बाबतीत ते निर्णायक ठरले.

निवडीवरचा दुसरा प्रभाव बाजाराचा होता. मोठ्या कंपनीचा तयार संगणक महाग पडत असल्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंब ‘असेंबल्ड’ संगणक घेत असे, म्हणजे मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग आणून स्थानिक जोडणीकाराने उभे केलेले यंत्र. अंदाजपत्रकात मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर आणि कॅबिनेट यांच्या किमती ओळीने मांडलेल्या असत. कार्यप्रणालीची ओळ त्यात बहुधा नसे. जोडणीकार आपल्याजवळच्या सीडीवरून विंडोज ९५, विंडोज ९८ किंवा पुढे एक्सपी ‘टाकून’ देई आणि ती सेवेचाच भाग समजली जाई. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अशा अनधिकृत प्रतींच्या जाणीवपूर्वक वापराबद्दल किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद आली होती, आणि व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास कैद माफ करण्याची मुभा न्यायालयाला दिली होती; घरांच्या सवयीवर त्याचा परिणाम अल्प झाला. या व्यवहाराचा एक दुष्परिणाम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. जी प्रणाली कायदेशीररीत्या विनामूल्य मिळू शकत होती, तिचा सर्वांत मोठा गुण ग्राहकाला दिसेनासा झाला, कारण त्याच्या लेखी दोन्ही प्रणाली फुकटच होत्या.

ती विनामूल्य प्रणाली म्हणजे लिनक्स. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला जीएनयू प्रकल्प आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेला लिनक्स हा गाभा यांच्या मिलाफातून ती उभी राहिली. तिचा स्रोत, म्हणजे मूळ लिखित आज्ञा, कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकविषयक मासिकांबरोबर येणाऱ्या सीडींमधून ती भारतीय घरांत पोहोचली, आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या उबुंटू या लिनक्स-प्रकल्पाने तर २०११ पर्यंत जगभर टपालाने विनामूल्य सीडी पाठवल्या. तरीही कुतूहलाने बसवलेली ही प्रणाली अनेक घरांत टिकली नाही. त्या काळात इंटरनेट दूरध्वनीच्या तारेवरून येत असे आणि स्वस्त संगणकांत बसवलेले बहुतेक अंतर्गत मोडेम आपले निम्मे काम विंडोजच्या आज्ञावलीकडून करून घेत, त्यामुळे लिनक्सवर ते निर्जीव पडून राहत. जिच्यावर इंटरनेट लागत नाही ती प्रणाली घराला निरुपयोगी वाटणे स्वाभाविक होते. दोष मोडेमचा असला तरी ठपका प्रणालीवर आला.

तिसरा प्रभाव शिक्षणाचा. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावांपर्यंत संगणक-साक्षरता नेली आणि ती बऱ्याच अंशी मराठीतून नेली, हे त्याचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु त्यात शिकवली जाणारी प्रणाली विंडोज आणि कार्यालयीन सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट ऑफिस असल्यामुळे, संगणक येणे म्हणजे विंडोज येणे असे समीकरण एका पिढीच्या मनात पक्के झाले. त्याच दशकात केरळने ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाद्वारे शाळांमधील संगणक मुक्त प्रणालीवर नेले. तेथे मूल शाळेत जे शिकले ते घरी विनामूल्य वापरू शकत होते. दोन राज्यांतील हा फरक दाखवतो की घरातील निवडीची पूर्वतयारी वर्गात होत असते.

या सर्व बंधनांची गाठ सैल केली ती युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक वर्णाला कायमचा स्वतंत्र क्रमांक देणारे हे मानक १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले, आणि त्यातील देवनागरीचा १२८ जागांचा विभाग इस्कीच्या आराखड्यावरच बेतलेला होता. भारतात मांडले गेलेले, वर्ण साठवण्याचे तत्त्व अशा रीतीने जगाच्या मानकातून परत आले. फेब्रुवारी २००० मधील विंडोज २००० मध्ये हिंदी, मराठी, संस्कृत आणि कोकणी या भाषांसाठी देवनागरीची व्यवस्था प्रथमच कार्यप्रणालीच्या पोटात आली. तिच्यासाठी ‘मंगल’ हा फाँट मुंबईतील सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी विनय सायनेकर यांच्या साहाय्याने घडवला. याच जोशींचा ‘रघु’ हा फाँट मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिला आणि लिनक्सच्या भारतीय भाषांतील आरंभीच्या कामाला त्याचा आधार मिळाला. एकाच हाताची अक्षरे दोन परस्परस्पर्धी प्रणालींत नांदली, ही गोष्ट अक्षर प्रणालीच्या मालकीचे राहिले नव्हते याची साक्ष देते.

विंडोज २००० कार्यालयांसाठी होती. घरापर्यंत ही सोय ऑक्टोबर २००१ मधील एक्सपीने आणली, आणि तीही झाकलेल्या रूपात. कंट्रोल पॅनेलमधील प्रदेश व भाषा या विभागात जाऊन, गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिपींसाठीच्या फाइली बसवण्याच्या चौकोनात खूण करावी लागे, आणि ती केल्यावर संगणक मूळ सीडी मागत असे. जोडणीकाराने प्रणाली ‘टाकून’ दिलेल्या घरात ती सीडी नसेच. परिणामी मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत, किंवा जोडाक्षरे फुटून पहिली वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसे. आणि संगणकात मराठी नीट चालत नाही हा समज दृढ होई. एका खुणेच्या आणि एका तबकडीच्या अभावी मराठी वाचकांची काही वर्षे अशी वाया गेली. २००७ मधील व्हिस्टापासून ही खूण करण्याची गरज उरली नाही.

लिनक्सच्या बाजूने या शतकाच्या आरंभी इंडलिनक्स या स्वयंसेवी प्रकल्पाने भारतीय भाषांतील कामाला दिशा दिली. रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ फाँट मुक्त केले, ग्नोम आणि केडीई या पडदा-व्यवस्थांचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांच्या आणि पुण्यातील तंत्रज्ञांच्या श्रमांतून झाले, आणि सी-डॅकने २००७ मध्ये डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय भाषांना वाहिलेली प्रणाली प्रसिद्ध केली. या परिश्रमांचे मोल वापरणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवणे अन्यायाचे होईल, कारण तेव्हा तयार झालेले फाँट, शब्दसंग्रह आणि जुळणीचे नियम पुढे इतर प्रणालींच्याही उपयोगी पडले.

मानक झाले तरी मराठीच्या खास गरजा त्यात बसवायला वेळ लागला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. दुसऱ्या शब्दातला आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला पदोपदी लागतो. युनिकोडने त्याची सोय केली, परंतु तो लिहिण्याचे दोन मार्ग मान्य केल्यामुळे डोळ्यांना अगदी सारखा दिसणारा शब्द दोन निरनिराळ्या संकेतमालिकांत साठू शकतो आणि एका मार्गाने शोधल्यास दुसऱ्या मार्गाने लिहिलेला हाती लागत नाही. ‘ॲ’ या स्वराला तर स्वतंत्र क्रमांक २००८ मध्ये मिळाला. त्यानंतर ६ नोव्हेंबर २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाने मराठी वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्थान दिले आणि ल व श यांची मराठी वळणे निश्चित केली. जुन्या फाँटांत किंवा जुन्या प्रणालीत ॲच्या जागी चौकोन दिसत असे, तो या उशिराचा अवशेष होता.

यानंतरचा बदल संगणकाच्या मेजावर झालाच नाही. लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेल्या अँड्रॉइड प्रणालीने २०११ च्या आवृत्तीत देवनागरीची जुळणी आणि २०१४ च्या आवृत्तीत मराठी हा पर्याय आणला, आणि ज्या घरांनी संगणक कधी घेतला नव्हता त्यांच्याही हातात मराठी चालणारे यंत्र आले. वीस वर्षे ज्या प्रणालीला घरात प्रवेश मिळवता आला नाही, तिचाच गाभा खिशातून घरोघरी पोहोचला. तोही कोणी जाणीवपूर्वक निवडलेला नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप तसेच तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्यामुळे, धडधाकट असूनही नव्या आवृत्तीस अपात्र ठरलेली असंख्य यंत्रे घरांत उरली आहेत. नवे यंत्र घ्यावे, जुन्यावर लिनक्स बसवावे की ॲपलकडे वळावे, हा प्रश्न अनेक कुटुंबांसमोर आहे, आणि त्याचे उत्तर देताना मराठी ही अडचण राहिलेली नाही : तिन्ही ठिकाणी तीच अक्षरे त्याच क्रमांकांनी साठवली जातात. हे स्वातंत्र्य कोणा एका कंपनीने दिलेले नाही. जिस्टपासून युनिकोडपर्यंत ज्यांनी आकाराऐवजी वर्ण साठवण्याचा आग्रह धरला त्यांनी ते मिळवून दिले आहे. त्याची कसोटी नव्या प्रणालीपेक्षा जुन्या फायलींत लागते. ज्या घरात श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फाँटांत जुळवलेली हस्तलिखिते, कुलवृत्तान्त, संस्थांची इतिवृत्ते पडून आहेत, त्या घराने प्रणाली बदलण्यापूर्वी परिवर्तकाच्या साहाय्याने तो मजकूर युनिकोडमध्ये आणणे आणि एकदा डोळ्यांखालून घालणे अत्यावश्यक आहे. ते न केल्यास १९९० च्या दशकातील मराठी लेखनाचा मोठा भाग वाचणारे यंत्रच उरणार नाही. कार्यप्रणाली पुढेही बदलत राहतील. घराने निवडताना पाहायचे ते इतकेच, की आपला मजकूर उद्या तिच्याबाहेर तितक्याच शुद्धपणे नेता येतो की नाही.